शेजारचा ब्रेक

आमच्या रस्त्यावर गाड्या उभ्या करायचे नवे नियम लागू झाले तेव्हा सगळ्यांनी कपाळाला हात लावला. आनंद झाला तो एकट्या बाईंना. त्यांनी तसं कुणाजवळ कबूल केलं नसतं, पण मी त्यांच्या दारासमोरच बसतो, मला दिसलं.

माझं किल्ल्यांचं दुकान आहे. दुकान म्हणायचं ते माझ्या समाधानासाठी. आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने फुटपाथवरूनच बोलावं, एवढी ती खोली. किल्ली घासायचं यंत्र, भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि एक खिडकी. जन्मभर लोकांच्या गाड्यांच्या किल्ल्या घासल्या, पण गाडी चालवायला काही शिकलो नाही. त्यावरून बाई मला येता-जाता चिडवायच्या. “किल्लीवाले, तुम्ही म्हणजे जगाच्या चपला शिवता आणि स्वतः अनवाणी फिरता,” असं म्हणायच्या. मी म्हणायचो, “दोन पाय धड आहेत तोवर चार चाकं हवीत कशाला?” हे भांडण जुनं होतं आणि दोघांनाही आवडायचं.

बाईंचा धंदा गाडी शिकवायचा. आमच्या या बेताच्या शहरात आज जे कुणी गाडी चालवतं त्यातलं निम्मं त्यांच्या हाताखालून गेलेलं आहे. त्यांची गाडी पांढरी, चार दारांची, छपरावर ‘शिकाऊ’ अशी पाटी. शिकणारा स्टिअरिंगमागे, बाई शेजारच्या सीटवर, आणि त्यांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा असा एक जादा ब्रेक बसवून घेतलेला. दोन्ही हात मांडीवर, नजर समोर, आवाज एकदम सपाट. आधी आरसा, मग मान वळवून बघ, मग पाय उचल. बारा महिने तेरा काळ हेच.

त्यांची एक खोड होती. समोर अचानक सायकलवाला आला, शिकणाऱ्याची दातखीळ बसली, पाय भलतीकडेच गेला, की बाई काही न बोलता आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायच्या. मांडीवरचे हातसुद्धा हलायचे नाहीत. गाडी जागच्या जागी थांबायची. पोरगं घामाघूम झालेलं असायचं. त्याला बाई शांतपणे म्हणायच्या, “छान थांबवलीस.”

“मी थांबवली?”

“मग कोणी? तूच दाबलास.”

आणि पोरगं ताठ बसायचं. पुढच्या वेळी खरंच त्याचा पाय ब्रेकवर जायचा. मोठं झाल्यावर सगळ्यांना ही गोम कळायची, आणि मग गावात ती एक थट्टाच होऊन बसली. कुणाचं काही सुखरूप पार पडलं की शेजारचा डोळे मिचकावून म्हणणार, “तूच दाबलास.” कपबशी हातातून निसटता निसटता राहिली तरी तेच. बाईंच्या कानावर ते जायचं आणि त्या ऐकू न आल्यासारखं करायच्या.

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. धाकटी बहीण लवकर गेली, तिचा मुलगा बाईंनी वाढवला. हा भाचा पुढे शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागला, रविवारी यायचा. मुलगा गुणी. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे मला त्याचा राग येणार आहे आणि तो राग न्यायाचा नाही हे मलाही कळतं.

मग बाईंच्या डोळ्यांनी दगा दिला. बाजूचं सगळं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं त्याच्यावर डाग. माझ्या दुकानात येऊन म्हणाल्या, “किल्लीवाले, तुमचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. तसं काही बिघडलं नाही म्हणा.” दोघं हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन लायसन्स परत केलं, छपरावरची पाटी उतरवून घरात नेली आणि शिकवणं बंद केलं. कुणी मागायच्या आधीच त्यांनी हे केलं.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. ज्या बाईच्या दाराशी सकाळपासून पोरं उभी असायची, तिच्या दाराशी कुत्रं फिरकेना. विद्यार्थी काही वाईट नव्हते. रस्त्यात भेटले की वाकून बोलायचे. पण शिकवून झालेल्या बाईंकडे जायचं कशाला? प्रत्येकाला आपापलं घर, आपापली धावपळ. बाई खिडकीत बसायच्या आणि गाडी खाली उभी असायची. संध्याकाळी उतरून तिच्यावरची धूळ पुसायच्या, तीही अंदाजाने, डागाच्या कडेकडेने. भाचा म्हणाला, गाडी विकू. बाई म्हणाल्या, मला विक आधी.

आणि मग ते नियम आले. घरामागे एक गाडी, तिच्या काचेवर नगरपालिकेचा स्टिकर. स्टिकर असला तरी रस्त्यावर एका जागी तीन दिवसांच्या वर उभी करायची नाही. बंद पडलेली गाडी तर उघड्यावर ठेवायचीच नाही. हे बघायला नगरपालिकेचा एक माणूस नेमला. तो सकाळी यायचा, वाकून प्रत्येक गाडीच्या मागच्या टायरवर आणि त्याखालच्या डांबरावर खडूची एक सलग रेघ ओढायचा. तीन दिवसांनी रेघ जुळलेलीच दिसली म्हणजे गाडी हललेली नाही; काचेवर पिवळा कागद. कागदालाही भीक घातली नाही तर गाडी ओढून नेणार. आम्ही त्याचं नाव खडूवाला ठेवलं. पहिल्या आठवड्यात त्याला इतक्या शिव्या पडल्या की तो कानात कापूस घालून यायला लागला, आणि तो कापूस त्याने लपवलाही नाही.

बाईंची गाडी चालू होती, पण चालवणार कोण? त्यांना बेकरीवाला आठवला. त्यांचाच विद्यार्थी, आता पोट सुटलेला, दोन मुलांचा बाप. त्याला निरोप गेला, बाईंची गाडी हलवायची आहे. तो कामावरचा पांढरा कोट अंगावर तसाच घेऊन धावत आला. बाई शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. हलवायची होती चार हात, पण बाईंनी त्याला कालव्यापर्यंत नेलं, पुलावरून वळवलं, मंडईमागच्या अरुंद गल्लीतून आणलं. परत आला तेव्हा बेकरीवाल्याचे कान लाल झाले होते.

“काका,” तो मला म्हणाला, “वीस वर्षं गाडी चालवतोय मी. आज तीनदा आरसा विसरलो म्हणून बोलणी खाल्ली.” आणि असा हसला की मला तो पुन्हा शाळकरी दिसला.

तिथून सुरू झालं. दर तिसऱ्या दिवशी कुणीतरी. दवाखान्यातली नर्स, बेकरीवाला, आम्ही सगळे ज्याला शिट्टी म्हणायचो तो पोस्टातला उंच माणूस (घाबरला की नकळत शिट्टी वाजवतो, पहिल्या धड्यापासून), आणि आणखी कितीतरी. बाईंना बघता येत नसल्याने दर वेळी घरात किल्ली शोधून द्यायची म्हणजे खोळंबा, म्हणून त्यांनी मला प्रत्येकासाठी एक किल्ली करायला सांगितली. मी केल्या. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची दोरी बांधली. नर्सची निळी, शिट्टीची पिवळी.

गाडी फिरवून आणली की चहा व्हायचा. नर्स वरती जाऊन बाईंची नखं कापून द्यायची, गोळ्या डबीत लावून द्यायची. शिट्टी आलेली पत्रं वाचून दाखवायचा, बायकोबद्दल कुरकुर करायचा. बेकरीवाल्याने एकदा आपली मुलगी आणली आणि म्हणाला, हिला वर्षभराने शिकवाल ना? बाई म्हणाल्या, आंधळ्याकडे कसली शिकवणी मागतोस, पण त्या दिवशी त्यांनी घरात जाऊन छपरावरची पाटी पुसून ठेवली. हे मला त्यांनीच सांगितलं. माणूस दारात येतो, जिना चढतो, खुर्ची ओढून बसतो, एवढ्यावर त्या जगत होत्या. दुसरं काही त्यांना नको होतं. आणि हे सगळं त्या खडूच्या रेघेवर उभं होतं.

खडूवाला मनाने बरा होता. एक दिवस तो बाईंना म्हणाला, “बाई, तुमच्या डोळ्यांचं मला कळलंय. तुमच्या गाडीला मी रेघ ओढतच नाही. राहू दे तिथेच.”

बाई भडकल्या. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“म्हणजे? माझ्यासाठी वेगळा नियम? ओढायची! आत्ता ओढ, माझ्यासमोर!”

बिचाऱ्याने वाकून मुकाट्याने रेघ ओढली. जाताना मला म्हणाला, “या रस्त्यावर दंडाची मागणी करणारं हे पहिलंच घर.” मी हसलो. जरा जास्तच हसलो.

एका रविवारी भाचा आला तो नाचतच. रस्त्याच्या टोकाला नवी इमारत झाली होती, तिच्या तळघरात नगरपालिकेने रहिवाशांसाठी बंदिस्त जागा ठेवल्या होत्या. तिथे गाडी वर्षानुवर्षं एका जागी राहिली तरी कुणी विचारत नाही. त्या जागांवर लोकांच्या उड्या पडल्या होत्या. भाच्याने आजारी आणि वयस्कर माणसांच्या कोट्यातून मावशीसाठी एक जागा मिळवली होती. त्यासाठी वर्षभर कचेरीचे उंबरठे झिजवले होते, आणि तिच्याजवळ अवाक्षर काढलं नव्हतं.

“मावशी, सुटलीस! आता कुणाच्या दारात जाऊन हात जोडायला नकोत. कुणाला त्रास नाही, तुला काळजी नाही.”

बाई उभ्या होत्या फुटपाथवर, माझ्या दुकानासमोर. त्यांनी भाच्याच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. त्याचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, पण आवाजातला आनंद ऐकू येतच होता.

“वर्षभर फिरलास?” त्यांनी विचारलं.

“मग? तू माझ्यासाठी काय काय केलंस!”

“छान केलंस,” बाई म्हणाल्या. आणि त्याच्या दंडावर थोपटलं.

तो वर सामान ठेवायला गेला तेव्हा मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “बाई, मी सांगू का त्याला?”

“काय सांगणार?”

“हेच. की तुम्हाला ती गाडी रस्त्यावरच—”

“खबरदार, एक शब्द बोललात तर,” त्या म्हणाल्या. “काय सांगणार तुम्ही? की मावशीला भेटायला लोक यावेत म्हणून ती गाडी अडकवून ठेवते? लाज नाही का वाटत तुम्हाला?”

लाज मला कशाला वाटावी? पण त्यांना वाटत होती, आणि ती मोडायचा हक्क मला नव्हता. मी डोकं खिडकीतून आत घेतलं. त्याच संध्याकाळी भाच्याने गाडी तळघरात नेऊन ठेवली आणि नियमाप्रमाणे रस्त्याचा स्टिकर खरवडून काढून दिला.

पुढचं काय सांगायचं? कुणी वाईट वागलं असतं तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या. नर्स पहिल्या आठवड्यात आली, बसली, चहा घेतला. दुसऱ्यांदा आली तेव्हा उगीच जिन्याशी घुटमळली आणि मला म्हणाली, “काका, काही काम नसताना सारखं सारखं जाऊन त्यांना त्रास द्यायचा का? त्या आता आराम करत असतील.” मग तीही थांबली. बेकरीवाल्याने मुलाच्या हातून पाव पाठवला, स्वतः आला नाही. आपल्याकडे माणसाला माणसाकडे जायला काहीतरी निमित्त लागतं. निमित्त संपलं की प्रेम असूनही पाय उचलत नाही.

एकेक करून किल्ल्या परत आल्या. त्याही माझ्याकडेच, कारण वर जाऊन किल्ली परत देणं म्हणजे संबंध तोडल्यासारखं वाटतं, असं शिट्टी म्हणाला. मी त्या एका डब्यात टाकल्या. बाई संध्याकाळी खाली उतरायच्या.

“कुणी आलं होतं?”

“पोस्टातला आला होता.”

“वर नाही आला?”

“घाईत होता.”

“किल्ली देऊन गेला?”

मी डबा त्यांच्यापुढे ठेवला. त्या डब्यात हात घालून किल्ल्या चाचपायच्या. दोऱ्यांचे रंग त्यांना दिसायचे, डोळ्याच्या कडेने. निळी बोटाला लागली त्या दिवशी त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला आणि वर गेल्या.

एकदा त्या मला म्हणाल्या, “चला माझ्याबरोबर कचेरीत.” ती जागा परत करायला. मी दुकान ओढून घेतलं. कचेरीतल्या खिडकीमागे एक चुणचुणीत मुलगी होती. तिने ऐकून घेतलं आणि तिला पटेचना.

“आजी, या जागेसाठी लोक रांगा लावून बसलेत. आणि तुम्हाला परत द्यायचीय? का पण?”

बाई म्हणाल्या, “तळघराचा उतार मला उतरवत नाही.”

“पण गाडी तर हलवायचीच नाहीये ना?”

“तेच तर,” बाई म्हणाल्या आणि थांबल्या. मी त्यांच्याकडे बघत होतो. एक वाक्य होतं बोलायचं. मुलगी चांगली होती, तिला कळलंही असतं. पण बाईंनी पर्स बंद केली.

मुलगी समजुतीने म्हणाली, “परत घेऊ आम्ही. पण रस्त्याचा स्टिकर आता मिळायचा नाही, नवे देणं बंद झालंय. ही जागा सोडलीत तर गाडी ठेवायला कुठेच राहणार नाही. बघा आजी, विचार करा.”

बाईंनी मान हलवली. परत दारापाशी आल्यावर म्हणाल्या, “किल्लीवाले, पोराने जीव तोडून केलंय. त्याला कळायला नको मी गेले होते ते.”

मग हिवाळा आला. मला खिडकीतून दिसायचं, बाई दर दोन-तीन दिवसांनी दुपारी जाड बूट घालून बाहेर पडतात, भिंतीच्या कडेने त्या इमारतीकडे जातात आणि अंधारायच्या आत परततात. मला वाटलं, चालायला जात असतील. एकदा उशीर झाला तेव्हा काळजीने मी मागोमाग गेलो.

तळघरात मिट्ट काळोख होता. मी पाऊल टाकलं तसे दिवे आपोआप लागले. तिथे कुणी हललं की लागतात आणि हालचाल थांबली की विझतात. रांगेने गाड्या, वर ओल आलेलं छत. बाईंची पांढरी गाडी कोपऱ्यात होती. आणि बाई आत बसल्या होत्या, शेजारच्या सीटवर, हात मांडीवर ठेवून, पाय त्या जादा ब्रेकवर. किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे. त्या हलत नव्हत्या, म्हणून दिवेही विझले होते.

मी काचेवर टकटक केली. त्यांनी मान वळवली आणि आधी त्यांचा चेहरा उजळला. मग मी बोललो, त्यांना कळलं की मी आहे आणि तो उतरला. पण त्यांनी ते लगेच सावरून घेतलं.

“आलात का शेवटी?” त्या म्हणाल्या. “बसा त्या बाजूला.”

मी आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसलो. निघताना डब्यातून सहज उचललेली निळ्या दोरीची किल्ली माझ्या खिशात होती, ती लावून फिरवली. नुसता एक टक् आवाज झाला. उभी राहून राहून बॅटरी मेली होती.

“चालू नाही होत,” मी म्हणालो.

“नाही होऊ दे. आधी काय?”

“काय आधी?”

“आरसा, किल्लीवाले! जन्मभर समोर बसून ऐकलंत ना?”

मी आरशात बघितलं. मान वळवून बघितलं. मागे भिंत होती. बाईंनी मला त्या बंद गाडीत सगळं शिकवलं. पाय कुठला कुठे, हात कसे, वळण आलं की आधी वेग कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही. कालव्यापर्यंत नेलं मला त्यांनी, पुलावरून वळवलं. मध्येच दिवे विझायचे आणि त्या काळोखातून म्हणायच्या, “हात हलवा जरा.” मी हात हलवायचो आणि उजेड पडायचा. मला हसू येत होतं. सांगून टाकतो, मला रडायलाही आलं. बाईंना समोरचं दिसत नव्हतं हे त्या दिवशी माझ्या पथ्यावर पडलं.

निघताना मी म्हणालो, “मी बोलावतो सगळ्यांना. नुसतं सांगतो, बाईंकडे जाऊन या.”

“नको,” त्या म्हणाल्या. “सांगितल्यावर येतील ते. मग त्यांना यावं लागेल. गाडी होती तेव्हा कसं, त्यांनाही वाटायचं की गाडीसाठी आलो आणि मलाही तसं दाखवता यायचं. कुणालाच कमीपणा नाही.” मग म्हणाल्या, “ब्रेक मी दाबायची आणि नाव त्यांचं सांगायची. तसंच होतं ते. फक्त या वेळी दाबत होते ते, आणि गाडी माझी थांबत होती.”

मी आणखी काही वेळा गेलो त्यांच्याबरोबर. तिसऱ्या धड्याला बाई म्हणाल्या, आता तुम्ही बिनधास्त रस्त्यावर याल. मग त्यांना खोकला झाला, तो छातीत उतरला आणि दवाखान्यात नेल्यावर फार दिवस काढले नाहीत. तळघराची ओल बाधली, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी म्हणतो. भाच्यासमोर नाही म्हणत.

पंधरवड्याने भाचा माझ्या दुकानात आला, दाढी वाढलेली. हातात नगरपालिकेचं पत्र होतं. जागा जिच्या नावावर होती ती व्यक्ती राहिली नाही, तेव्हा गाडी महिनाअखेर बाहेर काढावी. “काका, ती चालूच होत नाही. ओढून नेणाऱ्यांना बोलावतो. गावाबाहेर एक जण जुन्या गाड्या घेतो, तिथे देऊन टाकतो.”

“ओढून न्यायची नाही,” मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, तो दचकला. “बाईंची गाडी आहे ती. ढकलत नेऊ नाक्यापर्यंत. तिथून घेऊ दे त्याला.”

“ढकलणार कोण?”

मी डबा काढला. एकेका किल्लीला बघून एकेकाला फोन लावला. प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं, तेच जुनं, बाईंची गाडी हलवायची आहे.

सगळे आले. एक राहिला नाही. नर्स रात्रपाळी करून न झोपता आली, बेकरीवाला मुलीला घेऊन आला, शिट्टी पोस्टाच्या गणवेशात आला, आणखी कितीतरी, काही तर दुसऱ्या गावांतून. खडूवालाही आला, कानात कापूस न घालता. तळघरात इतकी माणसं हलत होती की दिवे एकदाही विझले नाहीत. भाचा भिंतीला टेकून बघत होता. त्याला इतकी माणसं अपेक्षित नव्हती.

“एवढे सगळे,” तो मला हळूच म्हणाला. “मावशीकडे एवढी माणसं होती? मग ती मला फोनवर नेहमी का विचारायची, रविवारच्या आधी नाही का येणार?”

त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, उत्तर त्याचं त्याला सापडत होतं. माझा सगळा राग तिथेच गळून गेला. पोरगं तेव्हा फार एकटं दिसत होतं.

स्टिअरिंगमागे कोण बसणार, यावर थोडी कुजबुज झाली. सगळ्यांना चालवता येत होतं, पण मग ढकलायला ताकदीची माणसं कमी पडली असती. म्हातारा मीच होतो. मी बसलो. शेजारची सीट रिकामी राहिली. तिथे बसायला कुणी सुचवलंही नाही.

त्यांनी खांदे लावले आणि गाडी चढावर घेतली. मागून सगळ्यांचा श्वास ऐकू येत होता. बाहेर उजेडात आलो, रस्त्यावर वळलो, बाईंच्या दारावरून गेलो. तिथून नाक्याकडे रस्ता उतरतो हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही, माझ्याही नाही. मागचे हात सुटले आणि गाडी आपली आपण निघाली. इंजिनाचा आवाज नाही, काही नाही, नुसतीच चाकं. मागे शिट्टीची शिट्टी वाजायला लागली. नाक्यावर सायकलवाली एक मुलगी आडवी आली. माझी दातखीळ बसली. आणि मी शेजारच्या सीटकडे बघून मोठ्याने ओरडलो, “बाई, ब्रेक!”

गाडी थांबली. मुलगी निघून गेली, तिला काही कळलंही नाही. मी तसाच बसून राहिलो. सगळे धावत येऊन गाडीभोवती उभे राहिले. माझं ओरडणं सगळ्यांनी ऐकलं होतं, म्हणून कुणी कुणाकडे बघत नव्हतं. भाचा शेजारच्या सीटच्या दाराला हात लावून उभा होता, पण त्याने ते उघडलं नाही.

नर्सने माझ्या बाजूचं दार उघडलं. खाली वाकून बघितलं. माझा पाय मधल्या ब्रेकवर गच्च दाबलेला होता, तो मला उचलता येत नव्हता. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“काका,” ती म्हणाली, “तुम्हीच दाबलात.”

हे वाक्य आम्ही सगळ्यांनी जन्मभर ऐकलं होतं. या वेळी ते खरं होतं.